सुप्त दगडीचा शोध : कासेतील अदृश्य रोगाचा इतिहास

मराठवाड्यातील पशुधनाचा इतिहास बहुधा साथींचा इतिहास म्हणून सांगितला जातो, आणि त्यात नवल नाही. बुळकांडीने एकेका हंगामात गावेच्या गावे बैलांवाचून उजाड केली, फऱ्या आणि घटसर्प यांनी पहिल्या पावसाबरोबर तरणीताठी जनावरे पाहता पाहता नेली, फाशीने मेलेल्या जनावरास हात लावावयास कोणी धजेना, आणि या साऱ्या गोष्टी लोकांच्या स्मरणात व सरकारी दप्तरात सारख्याच खोल उमटून राहिल्या. परंतु या रोगांच्या पंक्तीत एक रोग असा आहे की ज्याने ना साथ म्हणून कधी दवंडी पिटविली, ना गोठ्यात कलेवर पाडले. गाय चारा खाते, रवंथ करते, तिची कास हाताला मऊ लागते, दुधाचा रंग पांढराशुभ्र असतो. आणि तरीही चार सडांपैकी एखाद्या सडाच्या आत जंतूंनी ठाणे मांडलेले असते, दूध दिवसेंदिवस थोडे थोडे घटत असते व जे निघते त्याचा कस उतरत असतो. शेतकरी ज्याला ‘दगडी’ म्हणतो आणि पशुवैद्यक ज्याला कासदाह वा स्तनदाह म्हणतो, त्याच व्याधीचे हे सुप्त रूप होय. हे रूप कोणी, कसे व कोणत्या क्रमाने उघडकीस आणले, आणि ते ज्ञान औरंगाबादच्या, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरच्या, आसमंतातील गोठ्यापर्यंत पोहोचावयास इतका विलंब का लागला, हे क्रमवार सांगण्याचा हा प्रयत्न आहे.

प्रकट दगडी ही आपल्या लोकांना फार जुन्या काळापासून ठाऊक होती. कास सुजून दगडासारखी टणक व्हावयाची, हात लावताच गाय लाथ झाडावयाची, धारेतून दुधाऐवजी पिवळट पाणी, गाठी किंवा रक्त यावयाचे, आणि उपचारास विलंब झाला तर तो सड कायमचा मरावयाचा. वंशपरंपरेने धारा काढणाऱ्या गवळ्याला याहून सूक्ष्म खुणाही कळत असत : एखाद्या सडाचे दूध चवीला किंचित खारट लागणे, चुलीवर ठेवताच ते नासणे, एका बाजूची कास दुसरीपेक्षा लहान दिसू लागणे. ही सर्व निरीक्षणे खरी होती, आणि त्यांपैकी खारटपणाची तर पुढे रसायनशास्त्राने साक्षच दिली. कारण कासेतील पेशींना इजा झाली म्हणजे दुधातील दुग्धशर्करा कमी होते आणि तिची उणीव भरून काढण्यासाठी रक्तातील क्षार दुधात उतरतात. तथापि चव, वास व स्पर्श यांच्या कक्षेत येईपर्यंत रोग बराच पुढे गेलेला असतो. त्याच्या आधीची जी दीर्घ अवस्था, कित्येकदा महिनोन्‌महिने चालणारी, ती ओळखण्याचे कोणतेच साधन गवळ्याजवळ नव्हते, तसे ते सलोत्र्याजवळही, म्हणजे त्या काळच्या पशुवैद्याजवळही, नव्हते.

सरकारच्या दृष्टीतून हा रोग सुटला, यास सरकारच्या गरजा कारण झाल्या. निजामाच्या राज्यात औरंगाबाद हे सुभ्याचे ठिकाण होते; सुभेदार आणि तालुकदार यांच्या दफ्तरांचा मुख्य विषय जमीनमहसूल हा होता, महसूल पिकावर अवलंबून होता, आणि पीक बैलावर. मोट ओढणारा, नांगर ओढणारा, कापसाच्या गाड्या नेणारा बैल हाच राज्याच्या हिशेबातील खरा जिन्नस होता. मराठवाड्याच्या देवणी आणि लाल कंधारी या नामांकित जातींचे मोल मुख्यतः त्यांच्या बैलांच्या ताकदीवर ठरत आले, यातच त्या काळाचा दृष्टिकोन दिसून येतो. गाय बैलाची माता म्हणून मोलाची होती. तिचे दूध प्रथम वासराचे आणि उरले तर घराचे. अशा व्यवस्थेत दोन-तीन लिटर दुधातील पावशेर दूध कोठे नाहीसे होते, याची चौकशी करण्याचे कारण कोणालाच पडत नव्हते. शिवाय अल्प दूध, वासराचे वारंवार पिणे आणि लहान घट्ट सड यांमुळे या गायींत हा रोग तुलनेने कमीच असावयाचा.

ब्रिटिश अमलाखालील मुलखातही चित्र फारसे निराळे नव्हते. पुण्यास १८६२ मध्ये लष्करी पशुवैद्यक शाळा निघाली ती मुख्यतः पलटणीच्या घोड्यांसाठी. हॅलन यांच्या नेतृत्वाखालील गुरांच्या साथींविषयीच्या आयोगाने १८७१ मध्ये आपला अहवाल दिला, आणि त्याच्या केंद्रस्थानी बुळकांडी होती. मुंबईत परळ येथे १८८६ साली पशुवैद्यक महाविद्यालय सुरू झाले. त्यानंतर तीनच वर्षांनी, १८८९ च्या डिसेंबरात, पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयात साम्राज्य सरकारची जंतुशास्त्रीय प्रयोगशाळा स्थापन झाली. आल्फ्रेड लिंगार्ड हे तिचे पहिले प्रमुख. दाट वस्तीत संसर्गजन्य रोगांचे प्रयोग करणे धोक्याचे, म्हणून १८९३ मध्ये ही प्रयोगशाळा कुमाऊँच्या डोंगरात मुक्तेश्वरला हलविण्यात आली. तीच पुढे भारतीय पशुचिकित्सा संशोधन संस्था म्हणून नावारूपास आली. तेथे बुळकांडीवर जे कार्य झाले त्याचे फळ देशाला मिळाले : १९५४ मध्ये राष्ट्रीय मोहीम सुरू झाली, आणि २०११ मध्ये तो रोग पृथ्वीतलावरून नष्ट झाल्याची घोषणा झाली. जो रोग दिसत होता, ज्याची प्रेते मोजता येत होती, त्याच्याविरुद्ध राज्ययंत्रणा उभी राहिली आणि विजयी झाली. ज्याची गणनाच होत नव्हती, त्याच्याविरुद्ध कोणी उभे राहावयाचे?

ही गणना प्रथम पश्चिमेत शक्य झाली, आणि तीही दोन टप्प्यांनी. पहिला टप्पा कारणाचा. १८८० च्या दशकात फ्रान्समधील पशुवैद्यक एदमाँ नोकार आणि त्यांचे सहकारी मोलेरो यांनी गायींच्या एका सांसर्गिक कासदाहाचा अभ्यास करून त्यामागे साखळीच्या आकाराचा जंतू असल्याचे दाखविले, आणि तो धार काढणाराच्या हातांवाटे एका गायीकडून दुसरीकडे जातो हे सांगितले. शीतबाधा, दृष्ट, आघात किंवा दुधाचा अतिरेक यांना दोष देण्याची जी रीत जगभर होती, तिला या संशोधनाने पहिला धक्का दिला. परंतु जंतू सापडला म्हणजे तो कोणत्या गायीत दडला आहे हे कळले, असे नव्हे. प्रत्येक सडाचे दूध प्रयोगशाळेत नेऊन जंतुसंवर्धन करणे हे शेकडो गायींच्या गोठ्यास साधणारे काम नव्हते.

दुसरा टप्पा आला तो शहरांना पुरविल्या जाणाऱ्या दुधाच्या तपासणीतून. १९१० मध्ये अमेरिकेतील सॅम्युअल प्रेस्कॉट आणि रॉबर्ट ब्रीड यांनी दुधातील पेशी थेट सूक्ष्मदर्शकाखाली मोजण्याची पद्धत प्रसिद्ध केली : दुधाचा मिलिलिटरचा शंभरावा अंश काचपट्टीवर एक चौरस सेंटिमीटर जागेत पसरावयाचा, तो वाळवून रंगवावयाचा, आणि दृष्टिक्षेत्रातील पेशी मोजून हिशेब मांडावयाचा. जंतूंनी कासेत प्रवेश केला की त्यांच्याशी झुंजण्यासाठी शरीर रक्तातील पांढऱ्या पेशी तिकडे रवाना करते, आणि त्या दुधात उतरतात. निरोगी सडाच्या दुधात एका मिलिलिटरमागे या पेशी सामान्यतः एक लाखाच्या आत असतात; दोन लाखांच्या वर गेल्या की संसर्गाचा संशय रास्त ठरतो; रोग बळावला म्हणजे त्या दहा-वीस लाखांच्याही पुढे जातात. येथे शोधाची दिशाच पालटली. शत्रूला शोधण्याऐवजी त्याच्याविरुद्ध जमलेल्या फौजेची मोजदाद करावी, म्हणजे शत्रू कोठे लपला आहे ते आपोआप कळते, हे तत्त्व हाती आले, आणि पुढील शतकभर सुप्त कासदाहाचे निदान याच तत्त्वावर उभे राहिले.

दोन महायुद्धांच्या मधल्या काळात ही मोजदाद सूक्ष्मदर्शकावाचून करता येईल काय, याचा शोध अनेक जण घेत होते. काळ्या पृष्ठभागाच्या किंवा जाळी बसविलेल्या वाटीत पहिल्या चार धारा काढून गाठी दिसतात का ते पाहणे, दुधाची आम्लता कमी झाली आहे का हे रंगद्रव्याच्या कागदाने तपासणे, क्षाराचे प्रमाण मोजणे, अशा पद्धती प्रचारात आल्या. त्यांपैकी कोणतीच पुरेशी विश्वसनीय नव्हती, कारण त्या रोगाचे दूरचे परिणाम पाहत होत्या. १९३९ मध्ये संशोधक व्हाइटसाइड यांनी कॅनडातील एका नियतकालिकात एक साधे निरीक्षण प्रसिद्ध केले : दुधात कॉस्टिक सोड्याचे द्रावण घालून ढवळले असता निरोगी दूध तसेच राहते, परंतु कासदाहाचे दूध चिकट व दाट होऊन त्याच्या गुठळ्या बनतात. हे असे का घडते, हे त्या वेळी कोणालाच नीट उमगलेले नव्हते. तथापि पेशींची संख्या जितकी अधिक तितका चिकटपणा अधिक, हा संबंध स्पष्ट होता.

याच सुमारास महायुद्ध सुरू झाले, आणि महायुद्धाने पेनिसिलीन आणले. साखळीच्या जंतूंवर त्याचा प्रभाव इतका विलक्षण होता की सडातून औषधाची नळी सोडावी आणि रोग निपटावा, निदानाची एवढी यातायात हवी कशाला, असा विश्वास अनेक देशांत बळावला. तो विश्वास फार काळ टिकला नाही. साखळीचे जंतू हटले त्या जागी द्राक्षाच्या घोसाप्रमाणे राहणारे स्टॅफिलोकॉकस जंतू ठाण मांडून बसले. ते कासेच्या उतींत खोलवर शिरत, पेशींच्या आत दडत, आणि औषधाला दाद देईनात. औषध हा निदानाचा पर्याय नव्हे. कोणत्या सडाला, कोणत्या वेळी आणि कशासाठी औषध द्यावयाचे हे ठाऊक नसताना दिलेले औषध रोगाला अधिक हट्टी करते, हा धडा पशुवैद्यकशास्त्राने १९५० च्या सुमारास घेतला. आपल्याकडे तो आजही पुरता घेतला गेलेला नाही.

भारतात हीच वर्षे मोठ्या उलथापालथीची होती. १७ सप्टेंबर १९४८ रोजी हैदराबाद संस्थान मुक्त होऊन मराठवाडा भारतीय संघराज्यात आला, १९५६ मध्ये द्विभाषिक मुंबई राज्यात, आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्रात. तिकडे मुंबईत शहरातील गलिच्छ तबेले उठवून म्हशी गोरेगावच्या माळरानावर नेण्याची योजना दारा खुरोडी यांच्या देखरेखीखाली आकार घेत होती. १९४९ मध्ये उभारणीस प्रारंभ झालेल्या आरे दुग्धवसाहतीचे उद्घाटन १९५१ मध्ये पंडित नेहरूंच्या हस्ते झाले. हजारो दुभती जनावरे एका जागी, एकाच पद्धतीच्या गोठ्यांत, धारा काढणाऱ्या त्याच त्या हातांखाली येण्याचा हा देशातील नवा प्रसंग होता. म्हशीच्या सडाचे द्वार गायीपेक्षा घट्ट असते, त्यामुळे तिला हा रोग तुलनेने कमी जडतो. तरीही दूध जेव्हा घरगुती जिन्नस न राहता व्यापारी माल बनते, तेव्हा कासेचे आरोग्य हा खाजगी प्रश्न राहत नाही, ही जाणीव अशाच संस्थांमुळे रुजू लागली.

आणि मग १९५७ साल उजाडले. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील पशुवैद्यक शाखेत ऑस्कर शाल्म आणि नूरलँडर यांनी व्हाइटसाइड यांचे तत्त्व घेऊन त्याला गोठ्याचे रूप दिले. कॉस्टिक सोड्याच्या जागी त्यांनी कपडे धुण्याच्या साबणचुऱ्याच्या जातीचे निर्मलक वापरले, त्यात आम्लता दाखविणारे जांभळे रंगद्रव्य मिसळले, आणि चार उथळ कप्प्यांचे एक पांढरे हातपात्र तयार केले. प्रत्येक सडाची एकेक धार त्या-त्या कप्प्यात घ्यावी, पात्र तिरपे करून जादा दूध सांडून द्यावे, उरलेल्या दुधाइतकेच द्रावण घालावे आणि पात्र आडवे धरून गोल फिरवावे. निरोगी दूध पाण्यासारखे सहज फिरत राहते. रोगट दूध दहा-पंधरा सेकंदांत घट्ट होते, आणि रोग तीव्र असेल तर अंड्याच्या पांढऱ्या बलकासारखा त्याचा गोळा मध्यभागी उंचावतो. निष्कर्ष तत्काळ पाहावयाचा, कारण थोड्या वेळात तो विरून जातो. ‘कॅलिफोर्निया मस्टायटिस टेस्ट’ या नावाने ही चाचणी जगभर गेली. पशुवैद्यक तिला आद्याक्षरांवरून ‘सीएमटी’ म्हणतात.

या चाचणीमागचे रहस्य १९६२ मध्ये उलगडले. निर्मलकामुळे पांढऱ्या पेशींचे आवरण फुटते, त्यांच्या केंद्रकातील डीएनए हे लांब धाग्यासारखे द्रव्य मोकळे होते, आणि त्याच्या गुंत्याने दूध दाटते. डीएनए तोडणारे विकर आधी मिसळले तर दूध दाटतच नाही, हे कॅरोल आणि शाल्म यांनी प्रयोगाने सिद्ध केले. ज्या चाचणीला प्रयोगशाळा लागत नाही, वीज लागत नाही, पदवी लागत नाही, आणि जी चारही सडांचा वेगवेगळा निवाडा गायीसमोर उभ्या उभ्या देते, ती पशुवैद्यकाच्या इतिहासातील फार थोड्या लोकाभिमुख साधनांपैकी एक आहे, असे निःसंकोचपणे म्हणता येईल. तिला मर्यादा आहेत : व्यायल्यानंतरच्या चिकाच्या दिवसांत आणि आटत्या दुधाच्या अखेरीस निरोगी कासेतही पेशी वाढलेल्या असतात, म्हणून त्या दिवसांतील निष्कर्ष जपून घ्यावा लागतो; शिवाय जंतू कोणता हे ती सांगत नाही, त्यासाठी प्रयोगशाळाच हवी. परंतु कोठे शोधावयाचे हे ती सांगते.

त्याच १९६२ साली भारतीय कृषी संशोधन परिषदेने धांडा आणि सेठी यांचा भारतातील कासदाहाच्या संशोधनाचा ग्रंथ प्रसिद्ध केला. देशाचे वार्षिक नुकसान त्यांनी ५२.९ कोटी रुपये इतके अंदाजिले. देशात ‘दुधाचा महापूर’ ही योजना अजून यावयाची होती, संकरित गाय अपवादानेच दिसत होती. अशा काळात हा आकडा अनेकांना अतिशयोक्त वाटला असल्यास नवल नाही. पण त्याचे खरे महत्त्व रकमेत नव्हते, तर मोजण्यात होते; जो रोग महसुली दफ्तरात कधी आलाच नव्हता, तो प्रथमच राष्ट्राच्या जमाखर्चात खर्चाच्या बाजूस लिहिला गेला.

निदान झाले, पुढे काय करावयाचे? याचे उत्तर १९६० च्या दशकात इंग्लंडमधील रेडिंगजवळच्या दुग्धसंशोधन संस्थेत नीव्ह, डॉड आणि त्यांचे सहकारी यांनी शेतकऱ्यांच्या गोठ्यांवर वर्षानुवर्षे प्रयोग करून दिले. प्रत्येक धारेनंतर सड जंतुनाशकात बुडविणे, गाय आटविताना प्रत्येक सडात दीर्घकाळ टिकणारे औषध सोडणे, प्रकट रोगावर वेळीच उपचार व त्यांची नोंद, धारयंत्राची नियमित देखभाल आणि असाध्य जनावर कळपातून काढणे, अशी ही पंचसूत्री. तिच्यातील मर्म असे की नव्या संसर्गाची वाट बंद करणे आणि जुन्या संसर्गाची मुदत कमी करणे, ही दोन्ही कामे एकाच वेळी व्हावयास हवीत. पाश्चात्त्य देशांनी हे शास्त्र दराशी जोडले. पेशींची संख्या अधिक तर दुधाला भाव कमी. युरोपात मिलिलिटरमागे चार लाखांची मर्यादा आली. शेतकऱ्याच्या सद्‌भावनेवर विसंबून न राहता त्याच्या हिताशी चाचणीची सांगड घातली गेली, आणि म्हणूनच तेथे ती टिकली.

आता मराठवाड्याकडे वळू. येथे दूधधंद्याचे रूप एका पिढीत पालटले, आणि त्या पालटाची कारणे एकमेकांत गुंतलेली आहेत. १९५८ मध्ये मुंबई राज्यात दुग्धविकासाचा स्वतंत्र विभाग झाला आणि जिल्ह्याजिल्ह्यांत शासकीय दूध योजना निघाल्या. औरंगाबादेत जालना रस्त्यावरचा दूध डेअरी चौक त्या युगाची साक्ष आपल्या नावात बाळगून आहे. १९७२-७३ च्या दुष्काळाने शेतीवर एकट्याने विसंबणे किती घातक हे कठोरपणे शिकविले, आणि दावणीची जनावरे छावणीत नेणाऱ्या शेतकऱ्याला पावसाइतके लहरी नसलेले, रोज पैसा देणारे असे काही हवे, हे पटले. त्याच १९७२ साली परभणीस मराठवाडा कृषी विद्यापीठ स्थापन झाले आणि त्याच्या अंगणात पशुवैद्यक महाविद्यालय उभे राहिले. पुढे १९८७ मध्ये उदगीरलाही तसे महाविद्यालय निघाले. पैठणचे जायकवाडी धरण १९७६ मध्ये पुरे झाले, कालव्याच्या पाण्यावर हिरवा चारा आला. चिकलठाणा आणि मागून वाळूज येथील औद्योगिक वसाहतींनी शहराची लोकसंख्या वाढविली, तसे दुधाचे गिऱ्हाईकही. आणि मणिभाई देसाई यांनी १९६७ मध्ये उरुळीकांचन येथे स्थापिलेल्या ‘बाएफ’सारख्या संस्थांनी जर्सी व होल्स्टीन वळूंचे गोठित रेत शेतकऱ्याच्या दारापर्यंत नेले. गंगापूर, वैजापूर, पैठण, फुलंब्री या तालुक्यांत देवणी वा गावरान गायीच्या जागी दहा-पंधरा लिटर देणारी संकरित गाय आली.

ही समृद्धी खरी होती, आणि तिने असंख्य घरे सावरली. पण तिच्याबरोबरच सुप्त दगडीही आली. मोठी लोंबती कास, रुंद झालेली सडांची द्वारे, वासराला दूर ठेवून काढलेल्या धारा, ओल्या शेणाचा लहानसा गोठा, आणि अंगठा मुडपून सड ओढण्याची जुनी सवय, हे सारे जंतूंना अनुकूलच होते. धार काढल्यानंतर सडाचे तोंड सुमारे अर्धा तास उघडे राहते. तेवढ्यात गाय ओल्या जमिनीवर बसली की संसर्गाला वाट मिळते. आणि संकलन केंद्रावर काय तपासले जात होते? फॅट आणि डिग्री. गर्बर यांच्या नळीने स्निग्धांश आणि दुग्धमापकाने घनता, एवढ्यावरच भाव ठरे. कासेत रोग असेल तर दुधातील स्निग्धेतर घन पदार्थ घटतात, डिग्री खाली येते. आणि ज्या शेतकऱ्याने दुधात थेंबभर पाणी घातलेले नाही, त्याच्यावर पाण्याचा आळ येतो. रोगाच्या निदानाची संधी अशा रीतीने रोजच्या रोज भेसळीच्या संशयात वाया गेली, हा या इतिहासातील सर्वांत क्लेशकारक भाग आहे.

मध्यंतरी चाचणी आणखी स्वस्त झाली. पाकिस्तानातील फैसलाबादच्या कृषी विद्यापीठातील संशोधकांनी १९९५ मध्ये घरगुती धुण्याच्या पावडरचे तीन टक्के द्रावण, म्हणजे अर्धा लिटर पाण्यात सुमारे पंधरा ग्रॅम पावडर, तेच काम पुष्कळ अंशी करते असे दाखविले. दूध आणि हे द्रावण समप्रमाणात पेल्यात घेऊन फिरवावे. दाट झाले तर कास संशयित. कॅलिफोर्नियाचे शास्त्र अशा रीतीने पंजाबच्या गोठ्यात येऊन कोणत्याही घरच्या मोरीपर्यंत पोहोचले. २००१ मध्ये संशोधक दुआ यांनी भारताच्या वार्षिक नुकसानीचा नवा अंदाज मांडला तो ६,०५३ कोटी रुपयांचा, आणि त्यांतील ४,३६५ कोटी, म्हणजे सुमारे पाऊण हिस्सा, एकट्या सुप्त रोगाचा. ज्याच्यासाठी शेतकरी दवाखान्यात धावतो त्या प्रकट दगडीपेक्षा, जिची त्याला वार्ताही नसते ती दगडी त्याला अडीच पटींहून अधिक नाडते, हे या आकड्यांनी निर्विवाद केले. २०१० च्या दशकात राष्ट्रीय दुग्धविकास मंडळाने गुजरातेत साबरकांठा येथील संघापासून प्रारंभ करून एक सुबोध पद्धत राबविली : संस्थेत येणाऱ्या प्रत्येक सभासदाच्या दुधाची चाचणी प्रथम तेथेच करावयाची, संशयित आढळले तरच त्याच्या गोठ्यात जाऊन एकेक सड तपासावयाचा, सुप्त रोगावर पोटातून ट्रायसोडियम सायट्रेट द्यावयाचे, आणि कोरफड, हळद व चुना यांचा लेप लावून प्रतिजैविकाची गरज कमी करावयाची. या पद्धतीत नवे यंत्र नाही. नवी आहे ती शिस्त.

या विलंबाचे परिणाम कोणकोणावर झाले, याचा हिशेब आता मांडला पाहिजे. शेतकऱ्याचा तोटा साध्या गणिताने कळतो : बारा लिटरच्या गायीचा एक सड तीन लिटर देतो असे धरले आणि सुप्त रोगाने त्याचे दूध चौथ्या हिश्शाने घटले, तर दिवसाला पाऊण लिटर, आणि तीनशे दिवसांच्या वेतात सव्वादोनशे लिटर दूध कोणी न चोरता नाहीसे होते, चारा आणि पेंड मात्र पूर्णच लागते. ग्राहकाचा तोटा याहून गहन आहे. दूध तापविल्याने जंतू मरतात, परंतु स्टॅफिलोकॉकसाने आधीच निर्माण केलेले विष उष्णतेला पुरून उरते. दुधातील केसीन हे प्रथिन घटल्याने पनीर कमी पडते. आणि निदानावाचून सोडलेल्या प्रतिजैविकांचे अंश दुधात उतरले की विरजणही नीट लागत नाही, मग माणसाच्या शरीरातील जंतू औषधाला सरावतात ही तर त्याहून मोठी हानी. या साऱ्याचा भार ज्यांच्यावर सर्वप्रथम पडतो त्या गोठ्यातील बाया आहेत; पहाटेच्या अंधारात धारा त्या काढतात, आणि कासेशी रोजचा संबंध त्यांचाच असतो. पण प्रशिक्षणाच्या वर्गाला बोलावणे बहुधा सातबाऱ्यावर नाव असलेल्या पुरुषाला जाते.

हा इतिहास एकंदरीत पाहिला म्हणजे एक निर्णय अटळ ठरतो. जंतू १८८० च्या दशकात सापडला, पेशी १९१० मध्ये मोजता आल्या, गोठ्यातील चाचणी १९५७ मध्ये सिद्ध झाली, प्रतिबंधाची सूत्रे १९६० च्या दशकात ठरली, आणि १९९५ मध्ये चाचणीचा खर्च चिमूटभर पावडरीवर आला. ज्ञानाची उणीव पुष्कळ वर्षांपूर्वीच संपली. उणीव आहे ती नोंदवहीतील एका रकान्याची. बुळकांडी नष्ट झाली, कारण राज्याने तिच्या प्रत्येक प्रादुर्भावाची वर्दी घेतली. सुप्त दगडी टिकली, कारण तिची वर्दी घेणारे कोणीच नेमले गेले नाही.

म्हणून छत्रपती संभाजीनगरच्या दूध संघांनी, परभणी व उदगीरच्या महाविद्यालयांनी आणि जिल्हा परिषदेच्या पशुसंवर्धन खात्याने एवढे करावे : फॅट आणि डिग्रीच्या शेजारी तिसरा रकाना पेशींचा ठेवावा, महिन्यातून एकदा प्रत्येक सभासदाच्या दुधाची चाचणी घ्यावी, निर्मळ कासेच्या दुधाला लिटरमागे चार पैसे अधिक द्यावेत, आणि ही चाचणी शिकविण्यासाठी प्रथम धार काढणाऱ्या स्त्रियांना बोलवावे. शेतकऱ्यानेही सरकारची वाट पाहू नये. महिन्यातून एकदा, आणि गाय आटविण्यापूर्वी तर नेमाने, चारही सडांचे दूध वेगवेगळे तपासावे. पूर्ण मुठीने धार काढावी. रोगी सडाची धार सर्वांत शेवटी काढून वेगळी ठेवावी. धारेनंतर सड जंतुनाशकात बुडवून गायीपुढे वैरण टाकावी, म्हणजे ती अर्धा तास उभी राहील. आणि संशय आला तर औषधाच्या दुकानात जाण्याआधी पशुवैद्यकाकडे जावे. यातील एकही गोष्ट खर्चाची नाही, आणि एकही पुढे ढकलण्यासारखी नाही.